अर्धा इंच

राणीपुऱ्यात, छत्र्यांच्या दुकानामागच्या बोळात
जमील मन्सूरी शाळेची दप्तरं शिवतो, रिक्षांचे हुड,
एकदा तर म्हणे बँडवाल्यांच्या ढोलाचा अंगरखा.
आजा कापूस पिंजायचा, हा फोम कापतो.
भिंतीवर ती पिंजण अजून टांगलेली, तातीवाचून.

डोंगराची पिशवी हवी, मी म्हटलं. पाठीवरची. पंचावन्न लिटर.
लिटर दुधाचे असतात, बाई, तो म्हणाला,
आणि कोपऱ्यातलं पोह्यांचं रिकामं पोतं उचलून धरलं:
याहून मोठी का लहान?

मॉलमध्ये मिळतात तयार. पण त्या सगळ्या
सहाफुटी पुरुषांच्या पाठीवर बेतलेल्या.
मी चार फूट अकरा,
जुलैत पन्नाशीची,
आणि आजवरचा सगळा डोंगर म्हणजे राळामंडळ.

वहीत लिहून नेलं होतं एकेक.
चेन नको, थंडीत तिची दातखीळ बसते.
तोंडाला दोरी, हातमोज्यांनिशी सुटेल अशी.
छातीवर पट्टा. बर्फाच्या कुऱ्हाडीसाठी मागे दोन फासे.
कसली कुऱ्हाड?
मी रद्दीच्या कडेला काढून दाखवली.
"अच्छा, गैंती."
असं ते हिमालयाचं हत्यार
आमच्या नगर निगमात रुजू झालं.

खिसे चार, म्हटलं.
खिसा दिसला की माणूस भरतो, तो म्हणाला.
दोन ठेवले.
रात्री घरी एक खोडला.
रंग विचारलाच नाही त्याने. रिक्षाचं पिवळं कापड उरलं होतं,
"हरवलात तर दिसाल."

मापाला त्याची सून आली, शगुफ्ता, हात पुसत.
मान खाली घातली की वर येतं ते हाड,
तिथून कमरेच्या काठापर्यंत: पंधरा.
मग खांदे. मग पुन्हा खांदे.
सासऱ्याला हळूच म्हणाली,
डावा अर्धा इंच उतरलाय.

बावीस वर्षं.
निळा डबा, आत बर्फाच्या चार लाद्या, मधे लशीच्या कुप्या.
पट्टा कायम डाव्या खांद्याला,
कारण उजव्या हातात खडू, दारावर आकडा टाकायला.
मूसाखेडी, बाणगंगा, चंदननगर,
तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून बघावं तर कुलूप.
डबा पाझरायचा. साडी एका अंगाने ओली.
बसमधली माणसं सरकून बसायची.

"पट्टे सारखे शिवू, का तुमच्यासारखे?"

हे वहीत नव्हतं.

सारखे शिवले तर पिशवी सरळ राहील, तुम्ही लटकाल.
तुमच्यासारखे शिवले तर
दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही.
मला तर ती नंतर भाचीला द्यायची होती,
धुऊन, घडी घालून.
मशीनचं चाक थांबलेलं.
पुढच्या दुकानात कुणी छत्री उघडत होतं, मिटत होतं,
पुन्हा उघडत होतं.

माझ्यासारखे, म्हटलं.

आठव्या दिवशी पिशवी भरली त्यानेच:
दोन कातऱ्या, इस्त्री, कॅनव्हासचे गठ्ठे,
सगळ्यात वर जुन्या मशीनचं मुंडकं.
कमरेचा पट्टा मी आवळला.
"जा, नुक्कडपर्यंत जाऊन या."

ओझं कमरेवर बसलं, शहाण्या पोरासारखं.
डावीकडे झुकायला मी गेले सवयीने,
पण झुकायला काही उरलं नव्हतं.
बोळात कुणी बाजूला झालं, कुणी हसलं,
एक म्हातारी म्हणाली, कुठे निघाली ही घर घेऊन?

नुक्कडावरच्या ओट्यावर चारेक वर्षांचा एक पोरगा
टोस्ट चहात बुडवत बसला होता.
त्याने पिवळं काही पाहिलंच नाही.
माझा चेहरा पाहिला,
टोस्ट तोंडात कोंबला
आणि डाव्या हाताची करंगळी उंच धरली,
नखावरची शाई पुसट:

"मेरी हो गई! मेरी हो गई!"