देठ

पियसीलीबाईंच्या परसात ती गादीसारखी पसरली होती,
आखूड पेरांची,
इतकी दाट की खालच्या मातीचा रंग विचारावा लागे.
"मुकुनुवेन्ना," त्या म्हणाल्या, "आमची भाजी.
बारीक चिरायची, वर ओलं खोबरं, लिंबू.
बहिणीनं मूळ दिलं, बहिणीला विहारातल्या कुणी."

मी नगरपालिकेचा माणूस, बुटांना ओढ्याचा चिखल.
माझ्या बादलीत डँडेनाँगच्या ओढ्यातून उपसलेली ती होतीच:
वीतभर पेरं, अंगठ्याएवढी जाड,
तिच्या जाळीवरून बदकं चालत जात.
"ही?" त्या हसल्या. "ही माझी नव्हे.
ही कुणा धटिंगणाची."

मी चाकू काढला.
ओढ्यातलीचं कांडं कापलं: पोकळ,
एखादी बासरी होईल एवढं.
परसातलीचं कापलं: भरीव, पांढरं.
"बघा," त्या म्हणाल्या, "दोन आहेत."
माझाच पुरावा माझ्यावर उलटला.

मग सांगत बसलो.
पाणी लागलं की ही कांड्यात हवा धरते, तरंगते.
कोरडं लागलं की पोकळी बुजवते,
पेरं आखडते, मूळ गाजरासारखं पोसते.
रेल्वे फाटकापाशी खडीत पाहिली आहे मी,
लालसर, भुईला चिकटलेली, चाकाखाली गेलेली.
तेव्हा मलाही ओळख पटली नव्हती.
बी धरत नाही इथे. तुकडा तुटतो, वाहतो, रुजतो.
शहरभर एकच बाई आहे म्हणा,
जागा बघून नेसण बदलणारी.

नेसणीचं त्यांनी मनावर घेतलं नाही.
"आणि फूल?"

फूल.
मुकुनुवेन्नाचं पानाच्या कुशीत बसतं.
हिच्या फुलाला देठ असतो,
पाण्यात, खडीत, तुमच्या परसात,
सगळीकडे.

त्यांनी चष्मा घातला, गुडघे टेकले,
एक पांढरा गोंडा दोन बोटांत धरला
आणि देठाच्या मुळापर्यंत नजर नेली.
अकरा वर्षं.
"चव तर तीच लागायची," त्या म्हणाल्या,
"की पहिली चव मीच विसरले?"

याचं उत्तर माझ्या माहितीपत्रकात नव्हतं.

दुपारभर खणलं. मूळ हाताएवढं खोल,
तुटेल तिथून पुन्हा फुटणारं.
त्या पिशव्यांची तोंडं धरून उभ्या.
निघताना त्यांनी मला फाटकात थांबवलं,
वाकल्या,
माझ्या बुटाच्या खाचेतून
दोन पेरांचा तुकडा ओढून काढला
आणि पिशवी पुन्हा उघडायला लावली.