परमिट

उमक वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला
आणि विचारलं, कधीपासून वेगळे राहता?
तारीख लागते. अंदाजे चालत नाही.

पोळ्याच्या करीला मी बेनोड्याला आईकडं आले,
आता वैशाख.
त्यांनी बोटं मोजली. वर्ष भरत नाही, म्हणाल्या.
त्याआधी?

त्याआधीचं काय सांगायचं.
एका छताखाली राहूनही वेगळं राहता येतं,
नवराबायको म्हणून राहत नसले की झालं,
असं कायद्यात आहे म्हणे.
कायद्याला हे ठाऊक आहे
याचं मला कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं.
आईला ठाऊक नव्हतं.

मग माझी खाट ढेपेच्या पोत्यांच्या खोलीत गेली
ती रात्र आम्ही तिघं शोधू लागलो.
मला नुसता सरकीचा वास आठवत होता.
हेमराज कॅलेंडरकडं बघत म्हणाला,
"अकरा जानेवारी. त्या राती
जरूडची डीपी जळाली होती. रजिस्टरले नोंद आहे."

बारा वर्षांत माझी म्हणून त्यानं
पाठ केलेली ही एक तारीख.
टाइपिस्टनं ती अर्जात घातली.

दीड वर्ष झालं असतं, बाई म्हणाल्या,
तर थांबण्यातून सूट मागून पाहिली असती.
दोन महिने कमी पडले.
"राहू द्या," तो म्हणाला, "घाई कायले."

साहेबांनी सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.
विचार करा म्हणाले.
अठरा महिन्यांच्या आत या म्हणाले.

कोर्टाच्या पायरीवर तो बूट बांधत बसला होता
आणि नव्या पोराचं सांगत होता, हेल्परचं,
कसा वाचला ते.
"लाइन बंद केली म्हून लगेच हात लावत नाही, वंदे.
परमिट घ्या. अर्थिंग टाका. मंग थांबा.
मेलेल्या तारेतबी करंट राह्यते."
तो तारेबद्दलच बोलत होता.
त्याला दुसरं काही बोलता येत नाही.

काकाचा फोन दर रविवारी:
सहा महिने काहून देल्ले, विचार कराले ना?
केला विचार. मंडीत संत्री निवडता निवडता
हात आपसूक चालतात, डोकं रिकामं असतं.
जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलेली पक्कड आठवली.
त्याच्या आईच्या आजारपणात
मी मागितलेलं आणि न मिळालेलं एक वाक्य आठवलं.
ते वाक्य आता मिळालं तरी
ठेवायला जागा नव्हती.

श्रावणात आमच्या दारासमोरच्या पोलवर तोच चढला.
आईनं गडवाभर पाणी माझ्या हाती दिलं:
"तूच दे व. माझा जावई हाय का नाही अजून,
मले काई समजत नाही."
तो उतरला, पाणी प्यायला,
गडवा पालथा घालून परत दिला,
जसा घरी कधी दिला नव्हता.

नोव्हेंबरात साहेबांनी पुन्हा विचारलं.
कुणाचा दबाव?
काही फेरविचार?
मांडवात कुणी एकदाही विचारलं नव्हतं.
तो नाही म्हणाला.
मला उशीर झाला, कारण कुणाच्या तरी
पेनाचं टोपण घरंगळत माझ्या पायाशी आलं होतं
आणि मी ते उचलून दिलं.
मग मीही नाही म्हणाले.

नकलेसाठी आठ दिवसांनी या, कारकून म्हणाला.
म्हणजे अजून थांबायचंच होतं.

त्या रात्री बेनोड्यात लाइन गेली.
सवयीनं फोन हातात घेतला,
"कवा येईन?" विचारायला,
आणि उशीखाली ठेवून दिला.
सव्वा वाजता पंखा फिरला.
आई झोपेतच म्हणाली, आली.
कुणीतरी खांबावर होतं.
कोण, ते मी विचारलं नाही.