चौथी किल्ली

तेराव्यानंतर मुंजाजीच्या पोराचा फोन आला.
काका, बाबांच्या जुडग्यात एक किल्ली आहे,
घरातलं एकही कुलूप तिला ओळखत नाही.
ट्रंकेला लावली, मोटारीच्या पेटीला लावली,
मानवतच्या दुकानाचं शटरसुद्धा करून झालं.
आई म्हणते, ही लग्नाच्या आधीपासूनची.

मी खिशात हात घातला.
माझीही होतीच,
स्कूटरच्या किल्लीला घासून गुळगुळीत.

परभणी. शेतकी कॉलेज. खोली एकोणीस.
चौघांनी वर्गणी काढून घेतलेलं सात लिव्हरचं कुलूप,
आणि आत चोरण्यासारखं काय, तर
भुजंगच्या आईनं एसटीनं धाडलेला धपाट्यांचा डबा.
तो आणायला स्टँडवर मुंजाजीच पळायचा.
खोलीवर येईपर्यंत डबा हलका झालेला असायचा.

भांडलोही.
एका निवडणुकीपायी भुजंगशी दोन महिने अबोला.
तरी रात्री कडी काढायला तोच उठायचा,
‘कामून उशीर’ एवढंही न विचारता.

शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या,
किल्ल्या चार, कुलूप एक.
खाजाचं नाव निघालं.

हे सगळं पोराला कुठून सांगायला घ्यावं?
म्हटलं, ते कुलूप जिंतूरला आहे,
खाजाकाकाच्या शेळ्यांच्या गोठ्याला.
मग किल्ली त्यांना पाठवून देऊ का?

नको रे. असू दे जुडग्यात.
कधी त्या बाजूला गेलास
आणि तो घरी नसला, तरी उघड.
फक्त दार नीट लावून घे,
शेळ्या बाहेर पडतात.