सिलिंडरच्या मागे

"एकच खोली दे तिला," क्वितेरिया म्हणाली,
"सगळं घर एकदम दिलंस तर बुडेल ती."
क्रेट ठेवला, फ्रॉकला हात पुसले
आणि चिखलीची चढण उतरून गेली.

मी स्वयंपाकघर दिलं.
बावीस वर्षं जहाजाच्या भटारखान्यात काढलेला माणूस
दुसरी कुठली खोली देणार?

क्रेटचं दार उघडलं. काहीच आलं नाही बाहेर.
मग माझी पाठ वळली, नि एक करडी रेघ
फरशीवरून थेट
गॅस सिलिंडरच्या मागे.

खारीवाड्याच्या धक्क्यावर सापडलेली,
मागच्या पायात नायलॉनच्या जाळ्याचा फास,
डाव्या कानाचं टोक डॉक्टरांनी खुणेसाठी कापलेलं.
एवढंच तिच्या कागदावर.
माझ्या खलाशी-बुकात तरी याहून जास्त काय होतं?
उंची, डोळ्यांचा रंग, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग.

पहिल्या दिवशी बांगडा उकडून, काटे काढून ठेवला.
सकाळी तसाच. मुंग्यांनी तेवढा मान राखला.
दुसऱ्या दिवशी पेडवे. तिसऱ्या दिवशी सुकी सुंगटं.
कुकर बंद केला, भात टोपात शिजवू लागलो.
मिक्सरही बंद; कालवणात खोबरं नाही,
म्हणजे उपासच म्हणायचा.
पण दाबोळीची विमानं कोण थांबवणार?
आणि पोदेराचा भोंगा?
पहाटे पाचला वळणावर सायकल येते, पों-पों,
आणि सिलिंडर एकदाच 'ठण्ण' करतो.

रात्री फरशीवर आडवा होऊन वाचतो तिला.
आवाजाची सवय होऊ दे, असं क्वितेरियाच म्हणाली होती.
घरात पुस्तक नाही, म्हणून विजेचं बिल.
मागील बाकी. स्थिर आकार. मुदतीनंतर भरल्यास.
मग पेपरातल्या पुण्यतिथ्या,
मग भरती-ओहोटीचं कोष्टक, सावकाश, मिनिटांसकट.
डोळ्यांत बघायचं नाही.
बघितलंच तर पापण्या हळू मिटायच्या,
उधारी वसूल करायला आल्यासारखं टक लावायचं नाही.

कायमचा उतरून भावाच्या घरी आलो तेव्हा
फरशी हलत नाही म्हणून मला झोप येत नव्हती.
पलंग सोडून दाराजवळ निजायचो, चपला उशाशी.
वहिनी विचारायची, "भाऊजी, कुणाची वाट बघताय?"
कुणाचीच नाही.
चार वाजले की हात आपोआप पीठ शोधायचे,
ऐंशी माणसांच्या पावाचं.
मला कुणी एक खोली दिली नव्हती.
सगळं घर दिलं होतं,
सत्यनारायणासकट.

नवव्या रात्री ताटली वाजली.
मी वाचत राहिलो. थांबलो असतो तर तीही थांबली असती.
पान उलटायचीसुद्धा भीती, म्हणून तेच ते पुन्हा,
स्थिर आकार, स्थिर आकार,
आणि त्याच्या खालून चपचप,
पेडव्याचं डोकं फुटल्याचा बारीक आवाज.

दहाव्या रात्री पुन्हा काही नाही.
विमान फार खालून गेलं होतं.

अकराव्या रात्री दिवा मालवून तिथेच पडलो, चटईवर.
किती वाजले होते कुणास ठाऊक,
पोटरीला काहीतरी टेकलं.
मांजर नव्हे, म्हणजे अजून मांजर नव्हे.
नुसतं वजन, पिळलेल्या टॉवेलाएवढं,
आणि त्याच्या आत, चार डेक खाली असतं तसं,
इंजिन सुरू.
पायाला मुंग्या आल्या. येऊ दिल्या.

जाग आली तेव्हा ऊन ओट्यावर चढलेलं.
घरात पाव नाही.
पोदेर येऊन गेला असणार, भोंगा वाजला असणार,
रोजच्यासारखा, वळणावर, दोनदा.

आम्हां दोघांनाही ऐकू आला नाही.