सोडणांचा कोंड

मोचेमाडच्या खाडीत, पुलाच्या अलीकडे,
शेवंतीमावशीचा कोंड आहे.
गणपती गेले की ती सोडणं बुडवते,
वर झावळ्या, वर गाळ, वर चिऱ्याचे तुकडे,
तरंगू नयेत म्हणून.
पाणी आधी चहासारखं होतं, मग काकवीसारखं,
मग त्याला रंग म्हणण्यात अर्थ नसतो.

मी अठरा बाटल्या घेऊन आले होते,
प्रत्येकीवर तारीख.
"गाळ व्हरतंस? व्हर," मावशी म्हणाली.
"माका वास पुरे. वासावरसून म्हयनो कळता."

तिला सांगावं की नाही, ठरत नव्हतं.
मग सांगितलंच,
पाय काळ्या पाण्यात सोडून.

मावशी, तिथे खाली, जिथे हवा पोचत नाही,
एक जिवाणू आहे. त्याला दात नाहीत, तोंडही नाही.
आणि समोर ही भिंत,
माडावरून खडकावर पडली तरी न फुटणारी.
तो अंगाबाहेर एक लांब कणा सोडतो.
कण्याला धार नाही, तो स्वतः काही कापत नाही.
त्यावर नुसत्या खाचा.
भोवती सुटी हत्यारं :
एक सेल्युलोजचा धागा मधूनच तोडणारं,
एक टोक धरून कुरतडत जाणारं,
एक पेक्टिनचा डिंक तेवढा सोडवणारं,
आणखी कितीतरी, ज्यांची नावं मलाही वही बघून सांगावी लागतात.
प्रत्येकाच्या बुडाशी एक खुंटी.
मुकादम नाही, हाकारा नाही.
खुंटी येते, खाच सापडते, बसते.
मग सगळी मिळून
एकाच जागी, खांद्याला खांदा लावून,
भिंतीला चिकटतात.

"खिळो नाय?"

खिळा नाही. तुझ्या पणज्याची काथ्याने शिवलेली होडी होती ना, तसं.
फक्त प्रत्येक सांध्यात कॅल्शियमचे दोन कण,
शिंपल्यात असतं तेच.
ते नसले की खुंटी ढिली,
आणि हत्यारं आपापल्या वाटेने पाण्यात.

मावशीने कनवटीची डबी काढली,
पानाला चुना लावला,
बोट पदराला पुसलं.
"म्हणजे त्येंचोय विडो
चुन्याशिवाय रंगणा नाय."

मग ती बराच वेळ काही बोलली नाही.
एक सोडण उपसून चिऱ्यावर ठेवलं, मोगरीने ठोकलं.
साल निघाली, भुसा उडाला.
ठोकता ठोकताच त्या वर्षाचं सांगितलं :
हात मोडला होता, लेकीकडे राहिली सावंतवाडीला,
कोंड उघडायला कोणी नव्हतं.
आली तेव्हा चौदावा महिना.
सोडण उचललं तर बोटं आत गेली,
सुंभ वळायला घेतला,
पहिल्याच पिळाला तुटला.
"तुज्या त्या कामगारांका," ती म्हणाली,
"थांब म्हणूक कोण होया."

हे माझ्या वहीत नव्हतं.
वहीत होतं, लिग्निन त्यांना पचत नाही,
निदान लवकर तरी नाही.
म्हणजे हा काथ्या, हा मांडीवर वळलेला दोर,
हे दावं, ही जाळ्याची कड,
सगळं त्यांच्या ताटात टाकलेलं.
आणि ते पूर्ण जेवायच्या आत
कुणीतरी वास घेऊन
ताट ओढून घ्यायचं.

निघताना तिने माझा खोका सुंभाने बांधून दिला,
गाठ कशी मारली ते दिसलं नाही.

अठराव्या बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं.
कुडाळच्या आधीच एसटीत मागच्या बाईने
नाकाला रुमाल लावला, खिडकी उघडली,
"काय कुसलां गो?"

मी डोळे मिटून श्वास घेतला.
आठवा, मी म्हटलं.
आठवा संपत आलाय.