चार ठोके

साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
पाऊण मीटरवरून सोडायचा,
नळी फूटभर खाली जाईतो मोजत राहायचं.
शिरपती मोजतो, मी लिहिते.
वरच्या काळ्या मातीत अकरा, तेरा, परत अकरा.
सात मीटरवर वाळू लागली
आणि त्याचा आवाज अडखळला.
"चार. मॅडम, चारच. लोण्यात गेल्यागत गेली की."

पंचगंगा इथून हाकेवर.
शेजारच्या भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ, छातीइतकी.
विजेचे मीटर सगळ्यांनी तिच्या वर नेलेत.
आदगोंडा चौगुलेंनी नकाशात जोतं सहा फूट उचललंय :
"आता येऊ दे म्हणावं पाणी."

मी त्यांच्यासमोर बरणी ठेवली, लोणच्याची.
आत ओली वाळू,
वाळूवर उभी, खिळ्यांनी भरलेली काडेपेटी.
काचेवर बोटानं टकटक केली.

कण कणाला टेकून होते, ते सुटले.
मधलं पाणी, इतका वेळ गप्प,
त्याच्यावर एकदम सगळा भार आला,
आणि पाण्याला कुठं उभं राहता येतं.
काडेपेटी कलली. न फाटता, न चेपता.

"म्हणजे बिल्डिंग मोडणार?"
मोडणार नाही, साहेब. आडवी होईल.
गिलाव्याला चीर नाही, खिडकीची काच शाबूत,
आखाड्यातल्या गड्यासारखी चितपट,
अंगावर ओरखडासुद्धा नसताना.
आणि परसात पुरलेली रिकामी टाकी वर येईल,
म्हशीनं डोहातून पाठ काढावी तशी.

ते हसले. मग थांबले.
"सदुसष्टला मी चार वर्षांचा.
पहाटे फडताळातली भांडी आपोआप वाजली.
आई म्हणाली, मांजर असंल, नीज.
उजाडल्यावर कळलं, कोयना."

बरणीत वाळू आता घट्ट बसली होती.
वर बोटभर नितळ पाणी.
ते त्या पाण्याकडेच बघत होते.
"पाइल्स किती खोल न्यायच्या?"
अजून खडक लागला नाही, मी म्हणाले.

बाहेर शिरपतीनं दोर ओढला.
भिंतीवर मीटर आपले फिरत होते,
पाणी बाजूनं येतं
एवढंच ठाऊक असलेले.
हातोडा पडला.
आम्ही तिघं माना खाली घालून :
एक.