खाली बघा

हाप्सालूच्या खाडीवर अजून बर्फ होता.
व्हाइके तिसऱ्यांदा आली, त्याच करड्या कोटात,
पापण्यांच्या कडा लालभडक.
"थेंब संपले," म्हणाली. "खाज नाही संपली."

पहिल्यांदा मी लिहिलं होतं : कोरडे डोळे.
दुसऱ्यांदा : बर्चच्या परागांची अ‍ॅलर्जी.
फेब्रुवारीत. एकाही बर्चला कळी नसताना.
हे मला घरी जाताना सुचलं होतं
आणि मी गाडीतला रेडिओ मोठा केला होता.

"केव्हा जास्त खाजतं?"
"पहाटे. अगदी मुळाशी.
रात्रभर तिथं कुणी येरझारा घातल्यासारखं.
असं बोललं की म्हणतात म्हातारीला भ्रम झाला.
म्हणून बोलले नव्हते."

हनुवटी टेकवली. दिवा लावला.
सवयीनं म्हटलं, समोर बघा. वर बघा.
तेवढ्यात तिच्या मांडीवरून विणायची सुई घसरली,
मान न हलवता तिनं नजर खाली नेली
आणि वरच्या पापणीची अख्खी झालर
माझ्यापुढे उघडी पडली.

प्रत्येक केसाच्या बुडाला एक नळी,
मेणचट, अर्धीमुर्धी पारदर्शक,
मनगटाला कफ बसावा तशी.
कोंडा असा नसतो. कोंडा कुठंही सांडतो.

एक केस उपटला. तेलाचा थेंब, काच, सूक्ष्मदर्शक.
पडदा तिच्याकडे वळवला.
माइलिस दारातच थबकली, भुवई खाजवू लागली.
व्हाइके मात्र चष्मा पुसून पुढे झुकली.
"पाय किती?"
"आठ."
"कोळ्याच्या कुळातला?"
"लांबचा नातलग."
"म्हणजे आमच्याच धंद्यातला."

साठ वर्षं शाली विणणारी बाई.
तिच्या शालींत नुप्प असतात, फुगीर गाठी :
एका टाक्यातून सात काढायचे,
पुढच्या ओळीत साताचे पुन्हा एक.
नळ्यांची रांग तिनं बोट न लावता मोजली.
"एकही टाका चुकवला नाही मेल्यांनी."

मी सांगितलं : टी ट्रीची पुसणी, रोज रात्री, सहा आठवडे.
झोंबेल. उशीचे अभ्रे कढत पाण्यात.
"सगळे जातील?"
"सगळे नाही. थोडे माझ्याकडेही असतील.
गालाला गाल लागला की येतात."
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
आई. बहीण. मग उलो,
ज्याला जाऊन नऊ हिवाळे झाले.
"त्याच्याकडच्यांचे पणतू असतील का रे देवा ह्यात,"
असं काहीसं पुटपुटली, मला विचारलं नाही.
मीही वही लिहिण्यात गुंतल्यासारखं केलं.

ती गेल्यावर मी गेल्या वर्षाच्या फायली काढल्या.
कोरडे डोळे. कोरडे डोळे. कोरडे डोळे.
अक्षर माझंच.
पहिला नंबर फिरवला.
पलीकडे आधी खोकला, मग इंजिनाची धडधड.
"आर्व्हेद, शुक्रवारी याल का एकदा?
नाही, थेंब नकोत.
नुसतं खाली बघायचंय."